नसांची गोळी कोणाला चालते?

मेडिकलच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक मुदत संपलेली औषधं, दुसरे किस्से. औषधं निदान कंपनीला परत पाठवता येतात. किस्से परत घेणारी कंपनी मात्र अजून निघालेली नाही! माझ्याकडचे तसेच पडून आहेत. चार माणसं चहाला जमली की एकेक बाहेर काढते.

दुकान भिवंडीत, तीनबत्तीपासून जवळच. ऐंशीच्या दशकात, फार्मसीची डिग्री घेऊन मी ते सुरू केलं, तेव्हा 'बाई मेडिकल चालवणार?' म्हणून अर्ध्या आळीने नाकं मुरडली होती. उरलेली अर्धी आळी पहिल्याच आठवड्यात खोकल्याचं औषध घेऊन गेली.

वरच्या मजल्यावर डॉ. खरे यांचा दवाखाना. ते मुळात फिजिशियन. पण मुंबईला नसांच्या एका मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली काही वर्षं काढून आलेले, त्यामुळे गावाने त्यांना परस्पर 'नसांचे डॉक्टर' करून टाकलं. दवाखान्यात नंबर लावायला कामतघरच्या सुलोचनाबाई. कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटाशेजारी जन्म गेलेला, त्यामुळे त्यांचं कुजबुजणंसुद्धा खाली माझ्या काउंटरपर्यंत ऐकू यायचं.

आणि भिवंडीत त्या काळी सगळी दुखणी नसेचीच! कंबर धरली, की नस दबली. पोटरीत गोळा आला, की नस चढली. मान वळेना, की नस आखडली. नवऱ्याशी वाजलं तरी बायका सांगायच्या, "ताई, डोक्याची नस तडकली बघा!" त्यामुळे डॉ. खरे जी गोळी फिट येणाऱ्यांना आणि चेहऱ्यात विजेसारख्या कळा मारणाऱ्यांना लिहून द्यायचे, ती 'नसांची गोळी' म्हणून गावभर झाली. खरं नाव सांगत नाही. ती अजून मिळते, आणि तुमच्यातलंच कोणीतरी उद्या मागायला जायचं.

दुकानात दिवसातून दहा वेळा एकच प्रश्न. "ताई, नसांची गोळी मला चालते का?"

गोळी उत्तमच. पण ती सगळ्यांना चालणारी नव्हे. काहींना तिने गरगरतं, झोप येते. यकृत बिघडलेलं असेल तर जपून. अंगावर पुरळ उठलं तर तडक डॉक्टरकडे. दुसरी औषधं चालू असतील तर ती त्यांच्याशी भांडते. आणि बाईला दिवस गेलेले असतील तर पोटातल्या बाळाच्या पाठीच्या कण्याला वगैरे इजा होण्याची भीती. म्हणजे बंद करावी? तर तेही नाही! फिटवाल्या बाईने ती एकदम सोडली की जोराची फिट येणार, आणि त्यात आई आणि बाळ दोघंही धोक्यात. डॉक्टर या एका गोष्टीला फार भ्यायचे. "वसुधाबाई," मला म्हणायचे, "बाकी चुका मी निस्तरू शकतो. ही नाही निस्तरता येत."

म्हणून ते प्रश्न विचारायचे. खूप प्रश्न विचारायचे.

*

इतके, की पेशंट त्यांना 'चौकशी डॉक्टर' म्हणायला लागले. कावीळ झाली होती का? घेता का, म्हणजे संध्याकाळची? उठताना गरगरतं का? दुसरं औषध कुठलं? घरात आणखी कुणाला हा त्रास? एकदा एक जण वैतागून म्हणाला, "डॉक्टर, मी गोळी मागतोय, मुलगी न्हाय!"

खारबावचे एक तात्या होते. मांडीतून पावलापर्यंत कळ जायची. गावातल्या कोणीतरी त्यांना सांगितलं, "भिवंडीला जा, चौकशीला दाखव." तात्या नाक्यावर उतरले, रिक्षात बसले आणि म्हणाले, "चौकशीकडं घे."

रिक्षावाल्याने त्यांना एसटी स्टँडवर नेऊन सोडलं!

तात्या 'चौकशी' लिहिलेल्या खिडकीपुढे रांगेत उभे राहिले. खिडकीशी नंबर आला तसे आत वाकून म्हणाले, "साहेब, हितून कळ निघते ती पार खाली जाते."

खिडकीतल्या माणसाने वर न बघता सांगितलं, "खाली जाणारी गेली. आता वाड्याकडची लागेल."

तात्या दवाखान्यात पोचले तेव्हा दुपार झाली होती. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे प्रश्नांचा पट्टा सुरू केला. तात्यांनी हात जोडले. "डॉक्टर, तो खिडकीतला बरा. एकही प्रश्न न विचारता मोकळं केलंन!"

*

शकीलभाई म्हणून एक कारागीर होते. उत्तर प्रदेशातून तरुणपणीच आलेले, चार लूम एकट्याने सांभाळायचे. चेहऱ्याच्या एका बाजूला अशी कळ यायची, की घास चावताना डोळ्यांतून पाणी. डॉक्टरांनी गोळी लिहिली आणि बजावलं, "सुरुवातीला झोप येईल, शकीलभाई. ये गोली लेके मशीन नहीं चलाने का."

शकीलभाई हसले. "साहब, मशीन हम कहाँ चलाते हैं? मशीन तो बिजली चलाती है!"

"ती असते तेव्हा ना?"

"वही तो. आज सुबह से नहीं है."

"मग आजच सुरू करा!" डॉक्टर म्हणाले.

हसण्यावारी गेलं, पण डॉक्टर तिथेच थांबले नाहीत. झोपेच्या भरात हात लूममध्ये गेला तर? त्यांनी शकीलभाईंच्या शेठला निरोप पाठवला, की गोळी अंगवळणी पडेपर्यंत यांना लूमवर उभं करू नका, कापडाच्या घड्या घालायला बसवा. शेठ भला होता, त्याने ऐकलं.

पंधरवड्याने शकीलभाई हसत आले. कळ गेली होती. मला म्हणाले, "दीदी, दर्द तो गया. मगर एक तकलीफ हो गई."

"काय?"

"अब बीवी घर में भी सारी चद्दरें मुझसे ही तह करवाती है!"

*

चेहऱ्याच्या कळेवरून जोशी मास्तर आठवतात. शाळेत गणित शिकवायचे. वर्गात चिडले की फळ्यावर खडू मोडायचे, असे कडक. त्यांच्या गालात कळ सुरू झाली. मास्तरांना वाटलं दात. दातांच्या डॉक्टरनेही मान डोलावली. एक दात काढला, कळ राहिली. शेजारचा काढला, कळ राहिली. मास्तर पद्धतशीर माणूस. त्यांनी एका बाजूने ओळीने जायचं ठरवलं!

वरच्या जबड्यात बरीच मोकळी जागा झाल्यावर कोणीतरी त्यांना डॉ. खऱ्यांकडे आणलं. गोळी सुरू झाली. थोड्याच दिवसांत मास्तर चक्क चणे खात दुकानात आले. एकाच बाजूने खात होते, ती गोष्ट वेगळी.

वर जाऊन त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "मला एक समजावून सांगा. ही गोळी दाताला कशी काय लागू पडली?"

"दाताला नाही, मास्तर. दुखणं नसेचं होतं."

मास्तरांनी गालाला हात लावला. "आणि माझे दात?"

डॉक्टर म्हणाले, "त्यांचा काही गुन्हा नव्हता."

मास्तर जिना उतरून आले ते हळूहळू. मला वाटलं, आता दातांच्या डॉक्टरकडे जाऊन भांडणार. पण नाही. काउंटरवर हात टेकून एवढंच म्हणाले, "वर्गात मीसुद्धा बाकाच्या एका टोकापासून छड्या मारत जायचो हो. शेवटी खोड्या करणारा बाहेर व्हरांड्यात सापडायचा."

मला त्या दिवशी मास्तर पहिल्यांदा आवडले.

*

नव्वदच्या पुढे औषधांच्या खोक्यांतून बारीक अक्षरांचे कागद यायला लागले. ते वाचणारं एक जोडपं माझ्या चांगलं लक्षात आहे. ती बँकेत कारकून, तो पंचायत समितीत. तिला लहानपणापासून फिट यायच्या. गोळीने अगदी बंद झालेल्या. लग्न झाल्यावर नवऱ्याला बायकोची काळजी. त्याने भिंग घेऊन तो कागद वाचून काढला, आणि दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात हजर.

नवरा घामाघूम. "डॉक्टर, या गोळीने चक्कर येते, मळमळतं, डोळ्यांपुढे दोन दोन दिसतं!"

डॉक्टरांनी बायकोला विचारलं, "होतंय असं?"

ती शांतपणे म्हणाली, "मला काहीच नाही होत. गोळी मी घेते आणि चक्कर ह्यांना येते!"

सुलोचनाबाई दारात उभ्या होत्या. त्यांचं हसणं खालच्या रस्त्यापर्यंत गेलं.

पण ती बाई खरी आली होती ती दुसऱ्याच कामाला. नवऱ्याला बाहेर बसवून तिने डॉक्टरांना विचारलं, "आम्हाला आता मूल हवंय. कागदात लिहिलंय, गरोदरपणात घेऊ नये. बंद करू का?"

डॉक्टर खुर्चीतून उठलेच! मला जिन्यातून हाक मारली, "वसुधाबाई, वर या! दिवस राहायच्या आधी विचारायला आलेली बाई बघून जा!"

तिचा डोस त्यांनी जपून, हळूहळू कमी केला. फॉलिक अॅसिडची गोळी आधीपासूनच सुरू केली. ठाण्याच्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंना आधीच कळवून ठेवलं. आणि त्या कागदाबद्दल म्हणाले, "हा कागद कंपनीने जगातल्या सगळ्या बायकांसाठी लिहिलाय. तुमच्या एकटीसाठी मी बसलोय. मनाने सुरू नाही करायची, आणि मनाने बंद तर मुळीच नाही."

नवरा आत आला. त्याला पुन्हा गरगरत होतं. डॉक्टरांनी त्याला लिंबूसरबत प्यायला सांगितलं.

*

पूर्णा गावच्या एक सासूबाई. त्यांची सून चेहऱ्याच्या दुखण्यावर ही गोळी घेत होती. डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "दुसरं कुठलं औषध चालू आहे?" सून म्हणाली, "न्हाय." सासूबाई शेजारीच बसलेल्या.

सुलोचनाबाई हुशार. त्यांनी सुनेला वजन करायच्या निमित्ताने पडद्याआड नेलं, तेव्हा खरं कळलं. दोन मुलं झाली होती, आणि सून नर्सकडून कुटुंबनियोजनाच्या गोळ्या घेऊन सासूच्या चोरून खात होती. तिच्या मते ते औषध नव्हतंच, मग सांगायचं कशाला?

डॉक्टरांनी तिला समजावलं, की नसांची गोळी त्या दुसऱ्या गोळीची ताकद खाऊन टाकते. तेव्हा त्या गोळीवर विसंबू नकोस, दुसरा उपाय करू. हे सगळं ते अगदी हळू आवाजात बोलले. पण सुलोचनाबाईंनी तेच सुनेला परत समजावून सांगितलं. सुलोचनाबाईंच्या आवाजात!

सासूबाईंनी बसल्या जागी सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच दुकानात आल्या. इकडेतिकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "ताई, ती नसांची गोळी द्या. भरपूर द्या."

"कोणासाठी?"

"माझ्या दुसऱ्या सुनंसाठी."

"तिला काय होतंय?"

सासूबाईंनी मान हलवली. "तेच तर! तिला काय व्हतच न्हाय ना!"

मी म्हटलं, "डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही गोळी मिळत नाही."

"चिठ्ठी कशाला? मी सासू हाय ना तिची!"

त्यांना परत पाठवताना मला हसू आवरेना. पण नंतर रागही आला. पोरीच्या पोटात काय जातं हे ठरवायला घरातली सगळी माणसं तयार, फक्त ती पोर सोडून.

*

आता बाळारामचं सांगते. हा किस्सा मी सगळ्यांना सांगत नाही.

बाळाराम वडप्याचा. घरची थोडी शेती, पण तेवढ्यावर भागत नव्हतं म्हणून भिवंडीत लूमवर कामाला. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. साधा माणूस, डोळ्यात भरेल इतका प्रामाणिक. त्याची बायको हिरा. तिला फिट यायच्या. एकदा विहिरीच्या काठाशी आली, शेजारणीने धरलं म्हणून वाचली. लग्नाला चार-पाच वर्षं झाली, मूल नव्हतं. बाळारामची आई गावात कोणाच्या बारशाला जायची नाही.

बाळाराम तिला पहिल्यांदा घेऊन आला तेव्हा सकाळीच तिला फिट येऊन गेलेली. पोर ग्लानीत, डोकं भिंतीला टेकून बसलेली. डॉक्टरांनी सगळे प्रश्न बाळारामला विचारले, गोळीबद्दल सगळं बाळारामलाच समजावलं. बाळाराम प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आणि एक लक्षात ठेव. पाळी चुकली तर लगेच यायचं. त्याच दिवशी. त्यात हयगय नाही."

बाळाराम म्हणाला, "न्हाय साहेब. तसं आपन कवाच करत न्हाय."

गोळीने हिराच्या फिट थांबल्या. तिला एसटीने एकटीला पाठवायची घरच्यांना भीती, त्यामुळे दर महिन्याला पाळी सुटली की बाळारामच परस्पर दवाखान्यात यायचा. डॉक्टर बरेचदा जिन्यातच भेटायचे. भरलं दुकान, आजूबाजूला गिऱ्हाइकं. डॉक्टर जुन्या वळणाचे. चार माणसांत दुसऱ्याच्या बायकोचा उल्लेख कसा करायचा? आवाज खाली आणून एवढंच विचारायचे, "काय बाळाराम, फिट?"

"एक बी न्हाय साहेब."

"पाळी? वेळेवर ना?"

"एक बी चुकली न्हाय साहेब!" बाळाराम छाती पुढे काढून सांगायचा.

डॉक्टर समाधानाने सही करायचे, मी गोळ्या द्यायचे. बाळाराम मला एकदा म्हणालासुद्धा, "ताई, एवढे मोठे डॉक्टर, पन गरिबाच्या कामाची किती फिकीर! आमचा मुकादम बी इतकं इचारत न्हाय."

मी म्हटलं, "आहेतच ते तसे." माझ्याही डोक्यात काही आलं नाही. कोणाच्याच आलं नसतं.

असे बरेच महिने गेले. मग एक दिवस भर दुपारी बाळाराम धापा टाकत दुकानात शिरला. डोळे लाल, अंगाला ताप. "ताई, डॉक्टर हायेत ना? पाळी चुकली!"

मी हातातली बाटली खाली ठेवली आणि त्याला घेऊन तशीच वर गेले. डॉक्टरांनी समोरचा पेशंट बाजूला बसवला. चेहरा उतरलेला. "किती दिवस झाले?"

"कालचीच, साहेब. एकच."

"एकच म्हणजे?"

"तापानं फनफनलो व्हतो, साहेब. उभं राहवंना. मुकादमाला निरोप धाडला. तुमी बोलला व्हता, चुकली की लगेच यायचं, तसा आज उठून आलो!"

सुलोचनाबाईसुद्धा गप्प होत्या, म्हणजे बघा!

डॉक्टर कसेबसे म्हणाले, "अरे, तुझी नाही रे बाबा! बायकोची! बायकोची पाळी!"

बाळाराम गोंधळला. "ती कुठं लूमवर जाते, साहेब?"

सुलोचनाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या पडद्याआड पळाल्या. मला हसू फुटणार, तेवढ्यात बाळाराम लाजून खाली बघत म्हणाला, "आन् आता तं तिला तसं बी कामाला लावीत न्हाय आमी. सहावा लागला ना तिला."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सहावा म्हणजे बाळाचा कणा, डोकं, ओठ, हृदय, सगळं केव्हाच घडून गेलेलं, आणि ते सगळे महिने गोळी पूर्ण डोसमध्ये चालू! बाळाराम कोणाला बोलला नव्हता, कारण इतक्या वर्षांनी दिवस राहिलेले. नजर लागेल म्हणून आईने त्याच्याकडून गप्प राहायचं वचन घेतलं होतं.

"साहेब, काय झालं?" त्याने विचारलं. "गोळी बंद करू का? आजच फेकतो!"

"फेकू नकोस!" डॉक्टर जवळजवळ ओरडले. मग खुर्ची ओढून त्याच्या समोर बसले आणि त्याला सगळं सांगितलं. त्यांना त्याच्याशी खोटं बोलायचं नव्हतं. भीती आहे. पण या गोळीवर असलेल्या बहुतेक बायकांची मुलं धडधाकटच जन्माला येतात. आता एकदम सोडली आणि फिट आली तर जास्त वाईट. आधी तपासून बघू. बाळाराम त्याच मानेने हो हो करत होता, पण या वेळी प्रत्येक वाक्य स्वतःशी पुन्हा म्हणत होता.

हिराला कल्याणला सोनोग्राफीला नेलं. ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. कणा दिसतोय, ठीक वाटतोय, पण खात्री बाळ हातात आल्यावरच, असं त्यांनी सांगितलं. डोस विभागून दिला, फॉलिक अॅसिड सुरू केलं. बाळारामच्या आईला कोणीतरी सांगितलं, की डॉक्टरची गोळी बाळाला खाते. म्हातारी गोळ्या चुलीत टाकायला निघाली, तर सुलोचनाबाई स्वतः वडप्याला जाऊन तिच्या दारात बसल्या. काय बोलल्या ते विचारायची गरज नव्हती. म्हणे हायवेवरचे ट्रकवाले थांबून ऐकत होते!

डॉक्टर त्या दिवसांत कोणाशी धड बोलायचे नाहीत. जिन्यात भेटले की मीच विचारायचे, "वडप्याहून काही?" ते मान हलवायचे. मला त्यांची दया यायची. आणि हिरा? जिच्या पोटात हे सगळं चाललं होतं, तिचा चेहरासुद्धा मला नीट आठवत नव्हता.

ठाण्याला बाळंतपण झालं. मुलगी झाली.

सव्वा महिना झाल्यावर हिरा तिला घेऊन आली. आधी माझ्या दुकानात थांबली, मला पेढा दिला, मग वर गेली. मीही शटर अर्धं ओढून मागोमाग गेले, राहवेना मला. डॉक्टरांनी मुलीला टेबलावर ठेवून दुपटं सोडलं. ठाण्याला सगळं तपासून झालं होतं, कागद समोर होता, तरी त्यांनी स्वतः बघितलं. ओठ. टाळू. पालथी करून पाठीवरून मानेपासून खाली हळूच बोट फिरवलं. हातापायांची बोटं. पोरीने त्यांचं एक बोट धरलं आणि सोडेना.

"काही नाही," डॉक्टर म्हणाले. "काही नाही झालेलं हिला." त्यांचा आवाज फुटला. ते खिडकीकडे वळले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. बाळाराम उगाच हसत होता, डोळे पुसत होता, पुन्हा हसत होता. मीही रडले. लाज कसली?

मग डॉक्टर वळले. बहुधा पहिल्यांदाच त्यांनी हिराकडे नीट बघितलं. लहान चणीची, गव्हाळ, धीट डोळ्यांची पोर. त्यांनी विचारलं, "हिरा, तुला कधी कळलं होतं गं?"

"पयल्याच म्हयन्याला."

"पहिल्याच? मग बोलली का नाहीस? एवढे महिने?"

हिराने मुलीचं दुपटं नीट गुंडाळलं, तिला खांद्यावर घेतलं आणि म्हणाली,

"तुमी दर म्हयन्याला ह्यांनाच इचारत व्हतात, डॉक्टर. मला कवा इचारलंत?"